एका ओळीत दोन उमेदवार

लातूरच्या नगरपालिकेला तेव्हा बलदिया म्हणत आणि मतपत्रिकेला पर्चा. राज्य निजामाचं होतं. ती त्याची अखेरची वर्षं होती, पण हे आता म्हणायचं. तेव्हा ते राज्य कधी जाईल असं आमच्या मनातही येत नव्हतं. मी मुलींच्या सरकारी शाळेत शिकवत होते. शिक्षिकेला उस्तानी म्हणायची पद्धत, त्यामुळे वय बाविशीच्या आसपास असूनही मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बायकासुद्धा मला उस्तानीबाई म्हणायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

माझं शिक्षण उर्दूतून झालेलं. शाळेत दुसरं काही नव्हतंच. मराठी लिहा-वाचायला वडिलांनी घरी शिकवलं, तेही छडी हातात घेऊन, कारण त्यांचं स्वतःचं अक्षर देखणं होतं आणि मुलीचं तसंच व्हावं असा त्यांचा हट्ट होता. दोन्ही लिप्या मला सारख्याच येत. उजवीकडून वाचायचं की डावीकडून, याचा विचारही करावा लागत नसे. असं दोन्ही येणारे पुरुष लातुरात पुष्कळ होते, बायका अगदी थोड्या. म्हणून बलदियाची निवडणूक लागली आणि बायकांचं मतदान आमच्या शाळेत वेगळं ठेवायचं ठरलं, तेव्हा ते काम आपसूक मुख्य बाईंकडे आणि माझ्याकडे आलं.

मत सगळ्यांना नव्हतं. ज्याच्या नावावर घर आणि जो घरपट्टी भरतो, त्याला मत. आमचं घर सासऱ्यांनी जाण्यापूर्वी सासूबाईंच्या नावे करून ठेवलं होतं. त्यामुळे निवडणुकीच्या कामावर असून मला मत नव्हतं, गंजातल्या, म्हणजे बाजारपेठेतल्या, आडतीवर मुनीम असलेल्या माझ्या नवऱ्याला नव्हतं, आणि आत्याबाईंना मात्र होतं. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. आपल्याला मत आहे हे कळल्यापासून आत्याबाई मुलाशी जरा वरच्या आवाजात बोलायला लागल्या होत्या.

त्या निवडणुकीत एक गोष्ट नवी होती. तोवर सरकारी कागद म्हटला की उर्दू. गावातल्या लोकांनी अर्ज-विनंत्या करून करून पर्च्यावर मराठीतही नावं घालायची मंजुरी मिळवली होती. उजव्या बाजूला उर्दू नाव, डाव्या बाजूला मराठी नाव, आणि मध्ये खूण करायला रिकामा चौकोन. पर्चे छापायचा ठेका नांदेडच्या एका छापखान्याला मिळाला होता. छापून ते लातूरच्या तहसील कचेरीत येऊन पडले, आणि बायकांना शिकवण्यासाठी नमुन्याचे चार-दोन पर्चे आमच्या शाळेत पाठवले गेले. मी एक घरी नेला. पर्च्यावर मराठी अक्षरं बघून मला इतकं बरं वाटलं, की पदराखाली धरूनच नेला, धूळ बसू नये म्हणून.

थंडीचे दिवस होते. सकाळच्या उन्हाला आत्याबाई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या, आणि शेजारच्या खाला, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या मावशी, त्यांच्यासमोर गप्पा मारत बसल्या होत्या. खालांचंही घर त्यांच्या स्वतःच्या नावावर होतं. त्या कपड्यावर कशिदा काढून विकायच्या आणि घरपट्टी स्वतः कचेरीत जाऊन भरायच्या. या दोघींचं रोज भांडण आणि रोज चहा. एका बाबतीत मात्र त्यांचं एकमत होतं. मत द्यायचं ते गंजातल्या डॉक्टरांना. दोघींच्याही घरातली दुखणी त्या डॉक्टरांनी बरी केली होती.

मी म्हटलं, "चला, दोघींना खूण करायला शिकवते. ज्याला मत द्यायचं त्याच्या नावाच्या ओळीत, मधल्या चौकोनात फुली मारायची. बोट ठेवून दाखवा."

आत्याबाईंनी डोळ्यांजवळ पर्चा नेला. त्यांना पोथी वाचण्यापुरतं मराठी येत होतं. अक्षर अक्षर जुळवत त्या खाली आल्या आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "ह्ये बघ. डॉक्टर हाय हितं."

खालांनी पर्चा ओढून घेतला. "नै अम्मा, दूसरे खाने में है. मैं पढी ना."

"तुला काय दिसतंय का? तिसऱ्या वळीत हाय."

"ऐनक तुम लगाओ, अम्मा. साफ लिखा है, दूसरे में."

"उस्तानीबाई, सांग गं हिला! चांगलं वाचता येतंय म्हनून मिरवून राहिली ही."

मी हसत पर्चा हातात घेतला. दोघींपैकी एकीचं चुकलंय, हळूच समजावून सांगावं, असंच माझ्या मनात होतं. आधी उजवीकडचं उर्दू वाचलं. डॉक्टरांचं नाव दुसऱ्या ओळीत. मग डावीकडचं मराठी वाचलं. डॉक्टरांचं नाव तिसऱ्या ओळीत. पुन्हा वाचलं. दुसऱ्या ओळीत उजवीकडे डॉक्टर होते आणि डावीकडे तेलबियांचे एक मोठे व्यापारी. पहिल्या ओळीत मात्र दोन्हीकडे एकच नाव होतं, त्यामुळे वरून नजर टाकणाऱ्याला सगळं ठीकच वाटलं असतं.

कारण कळायला वेळ लागला नाही. नावं वर्णक्रमानं लावली होती, आणि उर्दूचा क्रम वेगळा, मराठीचा वेगळा. उर्दूत अलिफच्या पाठोपाठ बे येतो, आपला ब कुठल्या कुठे खाली. कुणीतरी दोन याद्या आपापल्या क्रमानं लिहून पाठवल्या होत्या आणि छापणाऱ्यानं दोन्ही शेजारी शेजारी छापल्या होत्या. म्हणजे उर्दू वाचणारा डॉक्टरांना मत देणार, आणि मोजणारा मराठीकडे बघत असला तर ते व्यापाऱ्याला जाणार. एका ओळीत दोन उमेदवार.

"काय झालं गं?" आत्याबाई म्हणाल्या. "तोंड का उतरलं?"

"तुम्ही दोघी बरोबर आहात," मी म्हटलं, आणि तशीच शाळेकडे निघाले.

मुख्य बाईंनी पर्चा पाहिला. त्या करड्या होत्या, सहसा कुणाची स्तुती करत नसत. त्या एवढंच म्हणाल्या, "कचेरीत तू जा. तू शोधलंस, तूच सांग."

तहसील कचेरीत मी पूर्वी पगाराच्या कामाला एक-दोनदा गेले होते, तीही मुख्य बाईंच्या मागून. आज एकटीच गेले. आधी तहसीलदारांचे पेशकार, म्हणजे हाताखालचे कारकून, भेटले. निवडणुकीचे सगळे कागद त्यांच्याकडे होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला आठी घातली.

"उर्दू मी स्वतः तपासलंय. एक नुक्ता, एक ठिपका चुकलेला नाही. मराठी मुलांच्या शाळेतल्या पंडितांनी तपासलंय. त्यांची सही आहे. दोन्ही बरोबर आहे."

"दोन्ही बरोबर आहे," मी म्हटलं. "पण दोन्ही एका ओळीत वाचून कुणी पाहिलंय?"

पेशकारांनी पर्चा हातात धरला आणि एकेक ओळीवरून आडवं बोट फिरवलं. मग त्यांनी मला तहसीलदारांसमोर नेलं. आमचं बोलणं उर्दूतच झालं, इथे मराठीत सांगते. तहसीलदार उत्तरेकडून आलेले, वयस्क, सभ्य गृहस्थ होते. मला खुर्ची द्यायला लावली. पर्चा बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा:

"तुम्हांला कुणी पाठवलं? कुठल्या उमेदवाराच्या माणसांनी?"

मला राग आला, पण मी तो गिळला. "कुणी नाही, साहेब. माझं मतच नाही. घर सासूच्या नावावर आहे. आणि हे अजून मी कुठल्याच उमेदवाराच्या घरी सांगितलेलं नाही. आधी इथे आले."

ते ऐकून ते जरा सैलावले. थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग सोपं आहे. डावीकडची पट्टी कात्रीनं कापून टाका. उर्दू राहू द्या. पूर्वी तसंच चालत होतं. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना सांगायला तिथे माणसं असतातच."

पेशकारांनी लगेच मान हलवली. त्यांच्या दृष्टीनं ते एका दुपारचं काम होतं. इतक्या अर्ज-विनंत्यांनी मिळालेली ती मराठी अक्षरं कात्रीच्या एका फटक्यात कचऱ्यात जाणार, आणि तीही मी चूक दाखवली म्हणून! मी काय बोलणार हे आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आपोआप गेलं.

"साहेब, घरपट्टी मागायला तुमचा माणूस आमच्या दारात येतो, तेव्हा तो मराठीत मागतो. पैसे मराठीत मागायचे आणि मत उर्दूत विचारायचं, हे माझ्या सासूला मी कसं समजावून सांगू?"

पेशकार खाली बघायला लागले. मला वाटलं, संपलं, आता नोकरी गेली. तहसीलदारांनी चष्मा काढून पुसला आणि ते हसले. मोठ्यानं नाही, मिशीतल्या मिशीत.

"तुमच्या सासूबाईंना मी घाबरतो असं समजा," ते म्हणाले. "पण नव्यानं छापायचं तर कागद कुठून आणायचा? जर्मनीची लढाई संपली तरी कागद मोजून मिळतो. आमचा वाटा या पर्च्यांत संपला."

कागद! हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि मग आठवलं, की त्याच नांदेडच्या छापखान्यात आमच्या शाळेचा कागद पडून होता. मुलींच्या सहामाही परीक्षेचे प्रश्न आणि उत्तरांचे कोरे ताव तिथूनच येणार होते. मी म्हटलं, "कागद आहे. आमच्या शाळेचा. तो घ्या."

"तुमच्या मुख्य बाई देतील?"

"देतील," मी छातीठोकपणे सांगितलं. विचारलं कुणी होतं?

शाळेत परत येईपर्यंत मनात धाकधूक होती. मुख्य बाईंनी सगळं ऐकलं, टेबलावरची पट्टी इकडची तिकडे केली आणि म्हणाल्या, "आपल्या पाट्या काय शोभेच्या आहेत का? मुली देतील परीक्षा पाटीवर." आणि तिथेच बसून त्यांनी छापखान्याच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं मी नांदेडला निघाले. कचेरीचा एक चपराशी बरोबर होता, पण तरण्या सुनेला परक्या माणसाबरोबर पाठवायचं कसं, म्हणून आत्याबाई स्वतः निघाल्या. नवरा म्हणाला, "आई, तुला प्रवास झेपायचा न्हाई." त्या म्हणाल्या, "सरकारी काम हाय. आन् गोदावरीत एक बुडी बी व्हईल." भाकऱ्या आणि ठेच्याची पुरचुंडी बांधून त्या मोटारीत खिडकीपाशी बसल्या. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्याला आली होती. चाकूरला मोटार पाण्यासाठी थांबली तेवढ्यात त्यांनी शेजारच्या बाईला सांगून टाकलं, "सून हाय माजी. पर्च्यातली चूक धरली तिनं. तहसीलदार बी उठून उभा राहिला." तहसीलदार उभे वगैरे राहिले नव्हते. अहमदपूर येईपर्यंत त्यांच्या गोष्टीत मी पालखीतून कचेरीत गेले होते. मी त्यांना अडवलं नाही. आतून मात्र गुदगुल्या होत होत्या.

नांदेडला घाटाजवळच्या धर्मशाळेत उतरलो. आत्याबाईंची बुडी झाली, केसांना तेल लागलं, आणि आम्ही छापखान्यात पोचलो. ती शिळाप्रेस होती, म्हणजे दगडावरून छापायची. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे नाहीत. मजकूर हातानं लिहायचा. पिवळ्या, खळ लावलेल्या कागदावर चिकट शाईनं लिहायचं, तो कागद ओला करून गुळगुळीत दगडावर पालथा दाबायचा, की अक्षरं दगडावर उलटी उमटतात आणि त्यांवरून कागदावर सुलटी छापतात. लिहिणाऱ्याला कातिब म्हणत. इथले कातिब सत्तरीच्या घरातले होते, पांढरीशुभ्र दाढी, बोटांना शाई, आणि बसायला खिडकीजवळ एक गादी.

छापखान्याचे मालक आधी चिडले. "आम्हांला दोन याद्या आल्या, त्या आम्ही बरहुकूम छापल्या. आमची काय चूक?" चूक त्यांची नव्हतीच, मी तसं स्पष्ट म्हटलं. मुख्य बाईंची चिठ्ठी पाहून ते निवळले. जुना दगड दुसऱ्या कामासाठी घासून टाकला होता. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून लिहिणं आलं.

कातिबसाहेबांनी पर्चा हातात घेतला. त्यांना मराठी येत नव्हतं. डाव्या बाजूची अक्षरं त्यांनी चित्रासारखी बघून बघून उतरवली होती. पण काय उतरवली होती! एक काना वाकडा नाही, एक वेलांटी लहान-मोठी नाही. मी तसं त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"बेटी, हर्फ मैं पहचानता नहीं," ते म्हणाले, "लेकिन हर्फ की इज्जत करना जानता हूँ." मग जरा थांबून म्हणाले, "इस बार तुम लिखो."

मी दचकले. "मी? छापायचं?"

"नाम तुम्हारी जबान के हैं. मैं इधर से लिखता हूँ, तुम उधर से लिखो. एक नाम मेरा, वही नाम तुम्हारा. फिर गलती कहाँ से आएगी?"

त्यांनी मला साध्या कागदावर आधी हात बसवायला लावलं. त्या शाईला ओढ असते, लेखणी चालवली की मागे खेचते. दोन-तीन ताव मी खराब केले. वडिलांची छडी आठवली, पाठ ताठ झाली. मग कातिबसाहेबांनी पिवळा कागद चौरंगावर ठेवला आणि बजावलं, की कागदाला बोट लागता कामा नये. अंगाचं तेलकटपण कागदाला लागलं, की तेही शाईसारखंच दगडावर उतरतं.

आम्ही लिहायला लागलो. ते उजवीकडे बसले, मी डावीकडे. ते नाव मोठ्यानं म्हणत आणि लिहीत. मग मी तेच नाव मोठ्यानं म्हणे आणि लिही. ते थांबून माझी लेखणी बघत, मी त्यांची. त्यांचा हात म्हातारा होता, पण कागदाला टेकला की थरथर थांबायची. क्रम आम्ही उर्दूचाच ठेवला, कारण कचेरीच्या कागदांत तोच होता. मराठी नावं त्या क्रमानं गेली तरी कुणाचं बिघडत नव्हतं. प्रत्येक नाव आपल्या जोडीदारासमोर आलं, की झालं.

नावं चारच होती, पण शेवटचं लिहिलं तेव्हा माझी मान आखडून गेली होती. आत्याबाई इतका वेळ दाराशी बसून बघत होत्या. त्यांना राहवलं नाही. त्या जवळ आल्या, चौरंगावर वाकल्या, "बघू, बघू तुजं अक्षर," म्हणाल्या. मी "आत्याबाई, हात!" म्हणून ओरडेपर्यंत उशीर झाला होता. पण कागद बघितला तर कुठे काही दिसेना. कातिबसाहेबही म्हणाले, लागलं नसेल.

कागद दगडावर दाबला गेला, पाण्यानं सुटा केला, शाईचा रूळ फिरला आणि पहिला पर्चा निघाला. खालच्या कोपऱ्यात रेघान् रेघ दिसणारा, लख्ख असा एक अंगठा छापून आला होता.

मालकांनी डोक्याला हात लावला. चपराशी तोंड फिरवून हसायला लागला. आत्याबाईंनी पर्चा बघितला आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. लाज वाटली म्हणून नव्हे.

"आंगठा? माजा आंगठा? मी आंगठा लावनारी बाई न्हाई! मला सही येती! बलदियात इचारा जाऊन!"

कातिबसाहेब इतके हसले, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बहनजी, अंगूठा मैं निकाल देता हूँ. दस्तखत चाहो तो वो भी कर दो." त्यांनी दगडावरची ती जागा धारदार दगडानं खरवडून साफ केली. कोपरा पुन्हा कोरा झाला.

मग आम्ही दोघं तो पर्चा घेऊन बसलो. ते उर्दू वाचत, मी त्याच ओळीतलं मराठी वाचत असे. मग उलट, आधी मी, मग ते. सगळ्या ओळी जुळल्या. पण एका नावावरचा अनुस्वार दगडावर उठला नव्हता. तेवढ्यानं ते आडनाव भलतंच वाटत होतं. मी बोट दाखवलं. कातिबसाहेबांनी बारीक कुंचला माझ्या हातात दिला.

"दगडावर उलटं लिहावं लागतं ना? मला उलटं कुठं येतं?" मी म्हटलं.

"नुक्ता है, बेटी. नुक्ता उलटा भी नुक्ता, सीधा भी नुक्ता."

मी श्वास रोखून दगडावर वाकले आणि तो ठिपका ठेवला. रूळ फिरला, पुढचा पर्चा निघाला, आणि अनुस्वार आपल्या जागी टपोरा बसलेला होता. माझ्या हातचं अक्षर मी आयुष्यात पहिल्यांदाच छापलेलं पाहत होते. एकामागून एक पर्चे निघत होते, सगळ्यांवर तेच अक्षर. वडील तेव्हा हयात नव्हते. ते असते तर त्यांनी नक्की कुठल्या तरी वेलांटीत खोट काढली असती, आणि मग शेजाऱ्यांना तो पर्चा दाखवत फिरले असते.

निघताना कातिबसाहेब आत्याबाईंना म्हणाले, "आपकी बहू का हाथ अच्छा है." आत्याबाईंना हिंदी फारसं कळत नव्हतं, पण हे त्यांना अचूक कळलं. "हाव," त्या म्हणाल्या, "भाकरी बी चांगली थापती."

लातूरला पर्चे कचेरीत पोचवले. तहसीलदारांनी या वेळी पेशकारांना आणि पंडितांना शेजारी शेजारी बसवून प्रत्येक ओळ दोन्हीकडून वाचून घेतली. मला समोर बसवलं होतं. शेवटची ओळ झाल्यावर त्यांनी जुने पर्चे आमच्यादेखत जाळायला सांगितले. पेशकार तसे अबोल, पण बाहेर पडताना मला म्हणाले, "उस्तानीबाई, तुम्ही निवडणुकीनंतर सांगितलं असतं, तर मी कुठला राहिलो असतो?" त्यानंतर रस्त्यात भेटले की ते आधी सलाम करायचे.

मतदानाच्या दिवशी शाळेसमोर बायकांची रांग लागली. बुरख्यातल्या, नऊवारीतल्या, कुणी पायी, कुणी पडदा लावलेल्या छकड्यात. आत्याबाई आणि खाला दोघी मिळूनच आल्या होत्या. पडद्यामागून बाहेर येताना खालांनी मला हळूच सांगितलं, "दोनों एक ही खाने में मारे." मत गुप्त असतं हे मी त्यांना दहादा शिकवलं होतं.

एक बाई, विणकरांच्या आळीतली, पर्चा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मला वाटलं, वाचता येत नसेल, म्हणून मी लांबूनच विचारलं, "समजलं का, बाई?" ती म्हणाली, "समजलं वो. मराठीत हाय म्हनून बघून राहिले." तिनं बोट न लावता चारही नावं वाचली, ओठ हलवत, आणि मग आत गेली. त्या दिवसातलं बाकी सगळं आता धूसर झालंय, पण ती बाई मला अजून तशीच्या तशी दिसते.

निकाल लागला. आमचे डॉक्टर पडले.

तेलबियांचे व्यापारी निवडून आले, थोड्याच मतांनी. आत्याबाई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. शेवटी त्यांनी मनातलं ओकून टाकलं. "तू दुरुस्ती केलीस आन् डॉक्टर पडला. ऱ्हाऊ द्यायचं व्हतं तसंच."

खाला तिथेच होत्या. त्याच म्हणाल्या, "अम्मा, वैसा रहता तो तुम्हारी राय किसको जाती, मालूम पडता क्या?"

आत्याबाईंनी थोडा विचार केला. "न्हाई," त्या म्हणाल्या. "आता निदान पडला तो माज्या मतासगट पडला."

डॉक्टरांचे लोक तक्रार करायच्या गोष्टी करत होते. मोजणीत गडबड झाली, पर्चा बदलला, असं काहीबाही. डॉक्टरांनी दवाखान्यात सगळ्यांसमोर नव्या पर्च्याचा एक नमुना मागवून घेतला. त्यांना दोन्ही लिप्या येत होत्या. त्यांनी एकेक ओळ वाचली आणि पर्चा घडी करून ठेवला. "कागद साफ आहे," ते म्हणाले. "मी हरलोय, एवढंच. रांगेतला पुढचा पेशंट पाठवा." हे मला माझ्या नवऱ्यानं सांगितलं. तो त्या वेळी खोकल्याच्या औषधाला तिथे बसला होता. "तुझं नाव कुणी घेतलं नाही," तो म्हणाला, "पण मी तिथं ताठ बसलो होतो."

मग आमची सहामाही आली. प्रश्न फळ्यावर, उत्तरं पाटीवर. पाटीवरचं जपून ठेवता येत नाही, म्हणून मी आणि मुख्य बाई लिहून होताच ओळीत फिरून जागच्या जागी गुण देत होतो. मुली पाट्या अंगापासून लांब धरून श्वास रोखून बसल्या होत्या, झग्याला लागून एखादं उत्तर पुसलं जाऊ नये म्हणून. एका धीट मुलीनं विचारलं, "बाई, आमचा कागद कुठं गेला?"

मी मुख्य बाईंकडे पाहिलं. करड्या बाईंनी खडू खाली ठेवला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमच्या कागदावर गावानं मत दिलं. आणि त्यावरचं मराठी अक्षर तुमच्या उस्तानीबाईंचं होतं. आता पाट्या सरळ धरा."

त्यांच्याकडून मला मिळालेली तेवढी एकच स्तुती. मी पुढच्या मुलीची पाटी तपासायला वाकले, तेव्हा कितीतरी वेळ मला त्यावरचं एक अक्षर धड दिसेना.